बाजारात न चुकणारं पोरगं फळ्यापुढे का चुकतं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पाचवीचा वर्ग आहे. बरेच दिवस एक गोष्ट मनात घोळतेय, ती इथल्या शिक्षक आणि पालक मंडळींपुढे ठेवतो.

गेल्या गुरुवारी गावच्या आठवडी बाजारात भाजीला गेलो होतो. एका पाटीमागे माझ्याच वर्गातला मुलगा बसला होता, शेजारी त्याची आई. मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, पंधराची एक. अडीचशे ग्रॅम मिरची, ऐंशी रुपये किलोची. दीड किलो कांदे, अठराचे. दोनशेची नोट पुढे केली. पोरानं काटा खाली ठेवायच्या आत सांगितलं, "सत्त्याहत्तर झाले सर." मग माझ्या हातावर पैसे ठेवत गेला. "हे तीन, ऐंशी झाले. हे वीस, शंभर. आणि ही शंभराची." एकशे तेवीस रुपये बरोब्बर. कागद नाही, मोबाइल नाही, आणि तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाला कोथिंबिरीचा भाव सांगणंही चालू होतं.

मी निघालो तर आई म्हणाली, "गणितात लईच कच्चा आहे ना हो सर हा? मागच्या वेळी तुम्ही बोलला होता."

बोललो होतो हे खरं आहे. मला तिथे काही सुचेना.

सोमवारी वर्गात मुद्दाम फळ्यावर लिहिलं, २०० − ७७. त्याच्या वहीत उत्तर आलं २७७. शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य घालवलं. दुसऱ्या घरातही तेच केलं आणि दोन तसाच खाली उतरवला. ही चूक प्राथमिकच्या प्रत्येक शिक्षकानं शेकडो वेळा पाहिलेली असते. पण चार दिवसांपूर्वी माझ्या हातावर एकशे तेवीस रुपये ठेवणाऱ्याच हातानं ती लिहिली होती.

हा काही माझ्याच वर्गातला प्रकार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या शोधपत्रिकेत नेमक्या याच विषयावर मोठा अभ्यास आला. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, बालमानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांचे सहकारी हे संशोधक. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणारी १,४३६ मुलं त्यांनी तपासली. आधी साधं गिऱ्हाईक म्हणून माल घ्यायचा, तोही आडनिड्या वजनाचा. म्हणजे वीस रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे १.४ किलो कांदे. सदतीस रुपये होतात. दोनशेची नोट दिली की एकशे त्रेसष्ट परत. जवळपास सगळी मुलं, फार तर दुसऱ्या प्रयत्नात, बरोबर सांगत होती. मग त्याच मुलांना शाळेत घालतात तशी नुसत्या आकड्यांची उदाहरणं दिली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं जमलं ३२ टक्क्यांना. दोन अंकी वजाबाकीची दोन्ही उदाहरणं बरोबर आली ५४ टक्क्यांची.

आपल्या मनात येणारी कारणं त्यांनाही सुचली होती. भाव पाठ असतील का? म्हणून पोरं विकत नाहीत अशा मालाची उदाहरणं घातली, तीही सुटली. शेजारचा कोणी मदत करत असेल का? परीक्षेची भीती? बरोबर उत्तराला बक्षीस नाही म्हणून लक्ष देत नसतील? एकेक कारण तपासून बाजूला केलं. कशानंही पुरता उलगडा झाला नाही.

आता दुसरी बाजू. आसपासच्या शाळांतली, कधीही बाजारात न बसलेली ४७१ मुलंही घेतली होती. फळ्यावरची सोपी उदाहरणं त्यांना जास्त चांगली आली. पण बाजाराचं जे उदाहरण विकणाऱ्या मुलांतल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुलांनी सोडवलं, ते या मुलांपैकी फक्त एक टक्क्याला जमलं. कागदावर लांबच्या लांब आकडेमोड करत बसायची, आणि दोन क्रिया एकत्र आल्या की अडायची.

म्हणजे एकाला शाळेचं येतं तर बाजारचं येत नाही, दुसऱ्याचं नेमकं उलट. मधला पूल कोणीच बांधलेला नाही. तो बांधणं हे आपलं, शिक्षकांचं काम आहे असं मला आता वाटतं. तुमच्या घरात, वर्गात काय दिसतं ते लिहा.

---

मोगरा_ठाणे

तुम्ही लिहिलेली दुसरी बाजू आमच्या घरात आहे. मुलगी सहावीत, गणितात कायम नव्वदच्या वर. मागच्या महिन्यात तिला खाली वाण्याकडे पाठवलं, मुद्दाम रोख पैसे देऊन. पाऊण किलो रवा, चव्वेचाळीस रुपये किलोचा. वर येऊन विचारते, "आई, पाऊण म्हणजे पॉइंट सेव्हन फाइव्ह ना? मग वही दे."

मी वही दिली नाही. म्हटलं, अर्धा किलोचे किती? बावीस. पाव किलोचे? अकरा. मग पाऊणचे? माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "हे चालतं?"

हे चालतं का, हा प्रश्न मला फार लागला. आपण केलं ते गणित आहे की नाही, याचीच तिला खात्री नव्हती. आणि यात तिची काय चूक? आमच्या घरात सगळं फोनवर स्कॅन करून होतं. सुटे पैसे मोजून घेणारं माणूस तिनं वर्षानुवर्षं पाहिलेलं नाही.

---

सह्यकडा

वाचतोय. शिक्षकांनी स्वतःहून असा धागा काढला याचं फार बरं वाटलं.

---

जुनी_रोजकीर्द

वय चौऱ्याहत्तर. उभी हयात बाजार समितीतल्या एका अडत्याच्या गादीवर लिखापढीत गेली. टोमॅटोचं कॅरेट काट्यावरून उतरायच्या आत हिशेबाची पट्टी तयार लागायची.

आमच्या वेळी एक ते तीस पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हल्लीच्या मुलांनी हे शब्दही ऐकलेले नसतात. सत्तावीस अडीचके किती हे मला आजही विचार न करता येतं, साडेसदुसष्ट. ठाणेकर ताईंच्या मुलीला चव्वेचाळीसची पाऊणकी पाठ असती तर तेहेतीस हे उत्तर जिन्यातच मिळालं असतं.

गोदाकाठ सर, तुम्ही म्हणता तो पूल पूर्वी होता. पावकी-दिडकी शाळेत घोकायची आणि संध्याकाळी दुकानात वापरायची. शाळा आणि पेठ यांची भाषा एक होती. दशमान नाणी आली, मेट्रिक वजनं आली, आणि हे पाढे पुस्तकातून गेले. पायली, शेर, आणे, पै यांचा हिशेब नाही उरला, ठीक आहे. पण पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच बाजारातून कुठे गेलेत? आजही कोणी "शून्य पूर्णांक सात पाच किलो द्या" म्हणत नाही.

एक मात्र सांगतो. हे पाढे आम्ही छडीच्या धाकानं शिकलो. माझ्या शेजारी बसणारा एक मुलगा सवायकीत अडखळायचा म्हणून रोज मार खायचा. तिसरीतच त्यानं शाळा सोडली. पुढे तो उत्तम गवंडी झाला, आणि जिन्याच्या पायऱ्यांचं माप तोंडी काढायचा. ते दिवस परत यावेत असं मी कधी म्हणणार नाही.

---

रोकठोक_७७

मला हा सूर पटत नाही, आणि स्पष्ट लिहितो.

पहिली गोष्ट. दहा वर्षांचं मूल बाजारात पाटीमागे बसतं याचं कौतुक करू नका. गुरुवारी ते शाळेत होतं का? बाजारानं त्याला हिशेब शिकवला म्हणताना त्याच्याकडून काय काढून घेतलं तेही मोजा.

दुसरी गोष्ट. वर मोजत जाऊन सुटे परत देणं ही युक्ती छान आहे, पण ती रुपयांपुरतीच. पुढे अपूर्णांक येतात, ऋण संख्या येतात, बीजगणित येतं. तिथे क्ष किलो कांदे नसतात. लेखी रीत ही माणसानं शेकडो वर्षं घासूनपुसून तयार केलेली गोष्ट आहे. ती कुठल्याही संख्येला चालते, हीच तिची ताकद. गरिबाच्या मुलाला "तुझं तोंडी गणितच छान" म्हणून पाठ थोपटायची आणि इंजिनिअरिंगच्या जागा लेखी रीत येणाऱ्यांनी घ्यायच्या, असं होणार असेल तर तो अन्याय आहे.

---

गोदाकाठ

रोकठोक, तुमचे दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि मला महत्त्वाचे वाटतात.

आमची शाळा बाजारच्या दिवशी सकाळची असते, मुलगा दुपारनंतर बसतो. कायदाही सांगतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करता येते, काम धोक्याचं नसेल तर. कायद्यात बसतं म्हणून ते चांगलं, असं मी म्हणत नाही. कांदा काढणीच्या दिवसांत माझ्या वर्गात निम्मे बाक रिकामे असतात. ते बघताना पोटात तुटतं.

पण दुसऱ्या मुद्द्यावर माझं म्हणणं तुमच्या विरुद्ध नाहीच. तोंडी हिशेबावर थांबा असं मी कुठे म्हटलं? १२३ त्याला येतं. २७७ तो लिहितो. त्याला लेखी रीत हवीच आहे, आणि ती मी पाच वर्षांत देऊ शकलो नाही. मला वाटतं त्याचं एक कारण असं की, रीत शिकवताना मी त्याच्या डोक्यात आधीपासून असलेलं उत्तर विचारलंच नाही. नवीन घर बांधायला घेतलं आणि जुना पाया दिसलाच नाही.

आणि हे चाळीस वर्षांपूर्वी ब्राझीलमध्ये दिसलं होतं. १९८५ साली रेसिफे शहरात तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि आना लुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर माल विकणारी फक्त पाच मुलं अभ्यासली, नऊ ते पंधरा वर्षांची. बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर. तीच आकडेमोड शाब्दिक उदाहरणात घातली तर ७४ टक्के. नुसत्या अंकांत मांडली तर ३७ टक्के. त्यातला बारा वर्षांचा एक मुलगा नारळ विकत होता, एक पस्तीसला. दहा नारळांचे किती विचारल्यावर तो म्हणाला, तीनचे एकशे पाच, आणखी तीनचे दोनशे दहा, अजून चार हवेत... तीनशे पंधरा... तीनशे पन्नास. दहानं गुणताना शून्य चढवायचं हे त्याला शाळेनं शिकवलेलं असणार. पण त्याला भरवसा होता तो तीन नारळांच्या वाट्यावर.

पाच मुलांवरून काय ठरवायचं, असं तेव्हा म्हणता येत होतं. आता चौदाशे मुलांवर तेच दिसलंय.

---

ट्यूलिप_आईन्डहोवन

आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. मुलगा इथल्या डच शाळेत चौथ्या गटात (म्हणजे आपली दुसरी) होता तेव्हा वहीत वजाबाकीसाठी एक नुसती आडवी रेघ काढायचा. तिच्यावर एकही आकडा छापलेला नाही. ७७ ला टिंब, तिथून ३ ची उडी ८० वर, मग २० ची उडी १०० वर, मग १०० ची उडी २०० वर. उड्यांची बेरीज म्हणजे उत्तर. याला इथे रिकामी संख्यारेषा म्हणतात. हान्स फ्रॉयडेन्थाल या गणितज्ञाच्या विचारातून इथे जे गणित शिक्षण उभं राहिलं, त्यातली ही गोष्ट.

तुमच्या विद्यार्थ्यानं हातावर पैसे ठेवताना जे तीन टप्पे म्हटले ते अगदी हेच आहेत. तो रेघ न काढता उड्या मारतोय. त्याला फक्त रेघ द्या.

अजून एक सांगते. डचमध्ये एकवीसला "एक आणि वीस" म्हणतात, आपल्या एकवीससारखंच एकक आधी. लिहिताना मात्र दोन आधी. मुलगा सुरुवातीला ऐकलेला आकडा उलटा लिहायचा, बावन्न सांगितलं की २५. मराठीतही त्यानं तेच केलं. जर्मनमध्येही हीच पद्धत आहे. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांचा २००९ चा एक अभ्यास आहे. आकडे ऐकून लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटापालटीशी जोडलेल्या होत्या.

---

शब्दांकुर

>>बावन्न सांगितलं की २५

यावरून २०१९ चा गदारोळ आठवला. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला "वीस एक", त्रेसष्टच्या जोडीला "साठ तीन" असं वाचन दिलं होतं. केवढी टिंगल झाली, पार विधानसभेपर्यंत. मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या प्रमुख होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं होतं की जोडाक्षरांमुळे लहान मुलं अडतात, त्यांना सोपं जावं म्हणून हा पर्याय आहे.

मी तेव्हा विरोधात होतो. मराठी मोडली जातेय असं वाटलं होतं. आजही पंचाहत्तर, एकोणऐंशी हे शब्द टिकलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. पण सहा वर्षांच्या मुलाची अडचण खरी होती, आणि ती मी त्या वेळी ऐकून घेतली नाही, हे इथे नोंदवतो.

---

जुनी_रोजकीर्द

>>रिकामी संख्यारेषा

आमच्या गादीवर मोड परत देताना वर मोजतच द्यायचे. म्हणजे गिऱ्हाइकालाही हिशेब पटतो. इतक्या लांबच्या देशात हे शाळेत शिकवतात हे वाचून समाधान वाटलं.

---

पाटीपेन्सिल

मी पहिली-दुसरीला शिकवते. हे पहिल्यांदाच कुठे लिहितेय.

मला स्वतःला गणिताची भीती वाटते. दहावीपर्यंत कसंबसं काढलं, डी.एड.ला भाषेत पहिली आले. वर्गावर गणिताचा तास असला की मी आदल्या रात्री सगळी उदाहरणं सोडवून ठेवते. एखाद्या मुलीनं वेगळ्या रीतीनं उत्तर काढलं तर "पुस्तकात दिलंय तसं कर" असं म्हणून मोकळी होते. कारण तिची रीत बरोबर आहे की चूक हे मला चटकन ठरवता येत नाही.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात एका अमेरिकन अभ्यासाबद्दल ऐकलं आणि नंतर शोधून वाचलं. २०१० चा आहे, सायन बाइलॉक आणि सहकाऱ्यांचा. पहिली-दुसरीच्या सतरा शिक्षिका, सगळ्या स्त्रिया. वर्षाच्या सुरुवातीला मुलांच्या गणितात आणि बाईंच्या भीतीत काही संबंध नव्हता. वर्ष संपताना मात्र ज्या बाईंना गणिताची धास्ती जास्त, त्यांच्या वर्गातल्या मुलींना "मुलगे गणितात हुशार, मुली वाचनात" असं वाटण्याचं प्रमाण वाढलं, आणि तसं वाटणाऱ्या मुली गणितात मागे पडल्या. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही.

मी रात्रभर झोपले नाही. माझ्या वर्गात सोळा मुली आहेत.

गोदाकाठ सर, तुमच्या धाग्यामुळे मला एक वाट दिसली. मुलीनं वेगळी रीत केली तर आता मी तिलाच म्हणते, "मला समजावून सांग, तू कसं केलंस?" खोटं म्हणत नाही, मला खरंच समजून घ्यायचं असतं. मागच्या आठवड्यात १७ + ८ साठी एकीनं सांगितलं, "बाई, आठातले तीन सतराला दिले, वीस झाले, उरले पाच." मी तिच्याकडून शिकले. आणि वर्गासमोर तसं म्हटलं.

---

मोगरा_ठाणे

पाटीपेन्सिल ताई, तुमच्यासारख्या बाई माझ्या मुलीला मिळाव्यात. मनापासून.

---

बालसखी_एकेकाळची

हे नाव मुद्दाम घेतलंय. २००२ साली मी मुंबईत 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची बालसखी होते. बारावी झाले होते आणि आमच्याच वस्तीतल्या महापालिकेच्या शाळेत जायचे. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायचं, आणि त्यांना जे येतं तिथून सुरुवात करायची. पाचशे ते साडेसातशे रुपये महिना मिळायचे. आमच्यावर अभ्यास चाललाय एवढंच माहीत होतं. कितीतरी वर्षांनी कळलं की तो बॅनर्जी-डुफ्लो यांचाच होता, मुंबई आणि वडोदऱ्यात मिळून. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये छापून आले, मागे पडलेल्या मुलांनाच सगळ्यात जास्त फायदा झाला होता. पुढे २०१९ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहून रडले.

तेव्हा आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती. मूल कितवीत आहे हे विचारू नका, त्याला काय येतं ते विचारा. गोदाकाठ सरांचा विद्यार्थी पाचवीत आहे, पण वजाबाकीत एकाच वेळी दोन इयत्तांत बसलाय. तोंडी सातवीत, लेखी दुसरीत.

नुसते खेळ आणि वस्तू दिल्या की मुलं आपोआप लेखी गणिताकडे येतात, असंही समजू नका. दिल्लीत 'प्रथम'च्याच बालवाड्यांमध्ये दीड हजारांवर मुलांना गणिताचे खेळ दिले होते, २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ठिपक्यांच्या गटात जास्त कुठे, आकार ओळखा, असे खेळ. मुलांची अंदाजाची समज वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात त्याचा फायदा दिसला नाही. खेळ आणि खूण, वस्तू आणि अंक, दोन्ही एकाच वेळी मुलाच्या समोर असावे लागतात. काड्यांचा गठ्ठा सोडताना त्याच क्षणी वहीत दशक खोडला पाहिजे. गठ्ठा सोमवारी आणि वही गुरुवारी असं केलं तर उपयोग नाही.

---

रोकठोक_७७

>>वस्तू आणि अंक, दोन्ही एकाच वेळी

हे पटलं. मला नेमकी हीच काळजी होती. सर, करून बघितलंत तर इथे लिहा, काय चुकलं तेही लिहा.

---

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला. 'निपुण' या सरकारी अभियानाच्या चाचण्या चालू होत्या.

आधी वर्गात दुकान मांडलं. आनंद बाजार आम्ही दरवर्षी भरवतो. मुलं घरून भेळ, वडे, भाजी आणतात, गावकरी येतात, फोटो निघतात. पण आजवर त्या दिवसाचं गणित वहीत कधी उतरलंच नव्हतं. या वेळी छोटं केलं. चार पाट्या, पुठ्ठ्याच्या नोटा, आणि एकच नियम. सुटे देणाऱ्यानं मोठ्यानं बोलत मोजायचं, शेजारच्यानं ते रेघेवर उड्या काढून लिहायचं. ट्यूलिप ताई, रेघ तुमची.

आमचा भाजीवाला विकणारा, आणि लिहिणारी वर्गातली पहिली येणारी मुलगी. तो म्हणत गेला आणि तिनं उड्या काढल्या. ३, २०, १००. मग मी तिला खाली तेच उदाहरण रीतीनं मांडायला सांगितलं, हातचा घेऊन. तिचं १२३ आलं. दोघांनी वही मधे धरली. तो बराच वेळ बघत होता. मग स्वतःच्या दप्तरातून जुनी वही काढून त्यानं ते पान उघडलं, जिथे मी लाल फुली मारली होती.

"सर, दोनशेची नोट दिली तर दोनशे सत्त्याहत्तर परत कसे येतील?"

मी म्हटलं, "नाहीच येणार."

"मग मी असं कसं लिहिलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण मीही फुली मारताना त्याला हे विचारलं नव्हतं. मग आम्ही नोटा घेतल्या. शंभराची एक मोडून दहाच्या दहा. दहातली एक मोडून एकेक रुपयाची दहा. प्रत्येक वेळी नोट मोडली की तिथेच वहीत अंक खोडायचा, वर नवा लिहायचा. २०० चे झाले एक शंभर, नऊ दहा आणि दहा सुटे. त्यातून ७७ काढले. तो म्हणाला, "म्हणजे हातचा म्हणजे मोड आणणं." गेली अनेक वर्षं मी हातच्याची वजाबाकी शिकवतोय. इतक्या थोडक्यात मला ती कधी सांगता आली नव्हती. आता वर्गात सगळे "मोड आण" असंच म्हणतात.

जे जमलं नाही तेही लिहितो. ३०२ − १४८ सारखं, मधे शून्य असलेलं उदाहरण नोटांशिवाय दिलं की निम्मा वर्ग अजून घसरतो. सगळ्यांना पुन्हा नोटा लागतात. रेघ काढायला मुलं कंटाळली नाहीत. पण मोठ्या संख्यांना रेघेवर उड्या फार होतात, हे त्यांचं त्यांनीच ओळखलं. तिथे रोकठोक यांचं म्हणणं बरोबर ठरलं, लेखी रीत तिथेच कामाला येते. आणि ती का हवी हे मुलांना पहिल्यांदा आतून कळलं.

त्या मुलीचंही सांगतो. बाजारात ती कधी बसलेली नाही, वडील नोकरीत आहेत. पाटीमागे तिची पाळी आली तेव्हा घामाघूम झाली. पाव किलोचे किती हे सांगायला लिहायची पाटी मागितली. मुलं हसली नाहीत, याचं मला जास्त समाधान आहे. भाजीवाल्यानं तिला शिकवलं, "आधी अर्ध्याचे काढ, मग त्याचं अर्धं." रोजकीर्द काका, तुमची पावकी परत आलीय, छडीशिवाय.

बाजारात त्याच्या आईला भेटून सांगितलं की तो कच्चा नाही, मीच आधी चुकीचं बोललो होतो. त्यांनी जुडी बांधता बांधता मान हलवली आणि माझ्या पिशवीत मूठभर कोथिंबीर टाकली.

आता अडलोय भागाकारावर. ४३२ ÷ ३ रीतीनं मांडलं की सगळे गप्प. बाजारात वाटणी फारशी होत नाही, त्यामुळे तिथला आधारही तोकडा पडतो. कोणी काही सुचवेल का?

---

बालसखी_एकेकाळची

वाटणी बाजारात नसली तरी घरात असते. तीन भावंडांत पैसे वाटायला सांगा. चार शंभराच्या, तीन दहाच्या, दोन एकच्या. आधी शंभराच्या वाटू द्या. प्रत्येकी एक, आणि एक उरते. ती उरलेली कुणालाच देता येत नाही, म्हणून मोड आणायची. दहाच्या दहा, आधीच्या तीन, झाल्या तेरा. प्रत्येकी चार, उरली एक. पुन्हा मोड. सुटे बारा, प्रत्येकी चार. १४४.

वाटताना दुसऱ्या मुलानं तेच भागाकाराच्या मांडणीत लिहायचं, एकेक पायरी, त्याच वेळी. मुलं आपणहून मोठ्या नोटेपासून सुरू करतात, त्यामुळे भागाकार डावीकडून का सुरू होतो हे वेगळं सांगावं लागत नाही. सुरुवातीला पूर्ण भाग जाणाऱ्याच संख्या घ्या. बाकी उरणाऱ्या नंतर.

---

गोदाकाठ

"मोड आण" इथेही चालतंय! हे डोक्यात आलंच नव्हतं.

एकच्या आणि दहाच्या नोटा कमी पडतील, वर्ग चौतीसचा आहे. शनिवारी पुठ्ठे घेऊन मुलांनाच कापायला बसवतो, आणि सोमवारी तीन-तीनचे गट करतो.